चिखलात कोणी नाही

मत्स्य संशोधन केंद्रात मी तीस वर्षं माशांची चित्रं काढली. त्या काळी कॅमेऱ्यापेक्षा माझ्या पेन्सिलीवर भरवसा जास्त. आमच्या साहेबांना आम्ही बूटसाहेब म्हणायचो. पंधरा वर्षं खाडीचा अभ्यास करूनही त्यांच्या बुटांवर चिखलाचा ठिपका नव्हता.

एकदा खाडीकाठी भराव घालून गाड्यांचा तळ करायचं ठरलं. चिखलात काही जगत नाही, एवढा आमच्या केंद्राचा दाखला हवा होता. माझी थोरली बहीण त्याच चिखलात शिंपल्या वेचून घर चालवायची.

साहेबांनी भर दुपारी फळीवर उभं राहून चार फावडी चिखल चाळायला लावला. चाळण गवंड्याची, वाळूची. तिथली वाम म्हणजे बुटाच्या नाडीएवढा लांबुळका मासा. चाळणीच्या भोकांतून सुळकन निसटायचा. नोंद झाली : शून्य.

"शून्य?" ताई उसळली. "अगं, पाय ठेवला की पोटऱ्यांना गुदगुल्या करतात मेल्या! आणि तू काय करत होतीस?"

"शून्याचं चित्र कसं काढू, ताई?"

भरावाला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक भरली त्या दिवशी ताई बादली घेऊन थेट आत शिरली आणि टेबलावरच्या ट्रेमध्ये चिखल ओतला. वर एक वाम वळवळली. अंगावर खवलं नाहीत, डोळे मोहरीएवढे. सगळे वाकून बघेपर्यंत तिनं शेपूट खाली खुपसलं आणि मागच्या मागे गडप झाली. दिवसा ती अशीच स्वतःला पुरून घेते. अंधार पडला की भक्ष्य शोधायला निघते.

"कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आत्ता होती," मी म्हटलं.

"होती म्हणजे आता नाही," बूटसाहेब म्हणाले. "लिहून घ्या, ट्रे रिकामा."

"रिकामा ना?" ताई म्हणाली. "मग घाला की हात, साहेब. चांगला कोपरापर्यंत."

साहेबांचा हात पाठीमागे गेला.

"चावते का हो?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"रिकामा ट्रे कसा चावेल, दादा?"

अध्यक्षांनी दोन्ही हात खिशात घातले. टेबलाभोवती सात जण होते. त्यांचे चौदा हात कुठे कुठे लपले, ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. शेवटी ठराव झाला : ट्रेमध्ये हात घालण्यासाठी योग्य अधिकारी नेमेपर्यंत भरावाचं काम स्थगित.

त्या पदाची पात्रता काय असावी, यावर समितीचं कधीच एकमत झालं नाही. ताईनं त्या चिखलात आणखी एकोणीस वर्षं शिंपल्या वेचल्या.