अडलेला काटा

काटा एकशे दहा अंशांच्या रेघेला टेकलेला. धुरावर मांस शिजवायच्या पिंपाच्या झाकणावरच्या तबकडीतला हा करंगळीच्या नखाएवढा तांबडा काटा सकाळपासून तसूभर हलला नव्हता, आणि खरं तर पिंपाशी बसलेल्या त्या माणसाला आनंद व्हायला हवा होता. पिंपाच्या तळाशी निखारे, वर पाण्याचं पातेलं, त्याच्यावर जाळीवर मांस; खालची झडप बोटभर उघडी, वरची अर्धी; धूरही कसा, पातळ, निळसर, असून नसल्यासारखा. इतकी वर्षं याचसाठी तर तो बायकोवर डाफरायचा... ती असताना काटा कधी स्थिर राहिलाच नाही. देवाचं नाव गुणगुणत यायची आणि खुशाल झाकण उचलायची.

"अहो, बघते नुसतं."

"तुझ्या बघण्यानं शिजत नाही ते. सगळी धग गेली."

"जाऊ दे. तुमच्या तोंडची वाफ आहे की."

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ते बाळ आता घरभर धावतं. येते असं ती म्हणाली नाही, ये असं यानंही म्हटलं नाही.

मांसात खोचलेल्या सळीवरचा, आतली धग दाखवणारा दुसरा काटा मात्र दुपारी चढता चढता अडला. अडतोच तो — मांसाला घाम सुटतो, तो घामच त्याला गार ठेवतो, खाली धग असूनही काटा पुढे सरकत नाही. नवखा माणूस इथंच घाबरतो, कोळसा ओततो आणि सगळं करपवून बसतो. आपण थांबायचं. कीर्तनात बुवा ऐन प्रसंगात कथा सोडून नामाचा सूर धरतात, तेव्हा चुळबुळ न करता त्या सुरात बसून राहायचं असतं, तसं. तिच्या बाबतीतही तो असाच थांबला होता. फोनवर बरी आहेस ना, बरा आहे, एवढंच... आणि या थांबण्याचा केवढा अभिमान वाटायचा त्याला! पण तिकडे ती तरी कशाची वाट बघत असेल — की इकडे विस्तवच उरला नाही, असं धरून चालली असेल?

फोन वाजला. जावई.

"बाबा, मांस न्यायला निघतोय. आई इथंच उभ्या आहेत. काही सांगू त्यांना?"

"सांग... गरम असताना कापू नका म्हणावं. कापडात गुंडाळून मुरू द्या जरा."

"हे तुम्ही दर खेपेला सांगता," जावई हसला. "त्यांना पाठ झालंय. आणखी काही?"

मागे भांडी आवरल्याचा आवाज येत होता, तो थांबला. म्हणजे ती ऐकत होती. आयुष्यभर त्यानं तिला सूचनाच दिल्या होत्या... आता शोधायला गेला तर सूचना नसलेलं एक वाक्य सापडेना, आणि ते सापडेपर्यंत फोन बंद होईल या भीतीनं त्याच्या हाताला घाम फुटला.

"ठेवू नकोस," तो म्हणाला, "तिला दे," आणि फोन एका हातातून दुसऱ्या हातात जाईपर्यंतचा तो क्षण त्याला सोसेना. सगळं ज्याला थांबून जमलं होतं, त्या माणसाला आता थांबणंच जमत नव्हतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.