पाणी उकळेपर्यंत

इस्पितळाच्या धोबीखान्यात तिला सगळे ‘काटा’ म्हणत. चादरींचं गाठोडं दोन्ही हातांनी जरासं उचललं की ती सांगायची, "साडेबारा किलो," आणि वजनकाटाही मुकाट्याने तेवढंच दाखवायचा. एकदा मुकादमाने मुद्दाम गाठोड्यात इस्त्री लपवली, तर ही म्हणाली, "आधी इस्त्री काढून घ्या, मग मोजू."

अशा बाईने गॅसचा जवळजवळ रिकामा डबा डोंगरावर न्यायचा आणि वर ‘मला कळलंच नाही’ म्हणायचं, हा बेत मुळातच कच्चा होता. पण पहाटे साडेचारला गुडघ्याला पट्टा बांधता बांधता माणसाला याहून पक्का बेत सुचत नाही.

दर गुरुवारी कामाआधी डोंगर चढायचा, माथ्यावर कॉफी करायची आणि सूर्य वर आला की उतरून आठच्या पाळीला हजर व्हायचं, ही तिच्या नवऱ्याची रीत. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना बसल्या जागी वर न्यायची सोय करणारा हा माणूस स्वतः मात्र पायी वर जायचा, आणि बायकोला नि धाकट्या बहिणीलाही ओढत न्यायचा. नियम एकच. पाणी उकळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. नियम राहिला, गुरुवार राहिला आणि या दोघी नणंद-भावजय राहिल्या.

नणंद बसस्थानकावर तिकीट-खिडकीत बसायची आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. गुरुवार सोडला तर दोघींची गाठ पडत नसे. घोडं तिथेच अडलं होतं. डोंगर नको म्हणावं तर नणंदच नको म्हटल्यासारखं होईल. मूलबाळ नाही, माहेरी आता कुणी उरलेलं नाही. आपलं म्हणावं असं एकच माणूस, तेही डोंगराला टांगलेलं. म्हणून ती चढत राहिली होती. दुपारी तीनला, वाफेच्या इस्त्रीपाशी उभ्या उभ्या डोळे मिटायला लागायचे, तरीही. डबाच संपला तर नाही म्हणायची वेळ येणार नव्हती. ‘आणू कधीतरी नवा’ म्हणत चार गुरुवार निघून गेले असते, आणि मग डोंगर आपोआपच सुटला असता.

माथ्यावर वारा होता. सिमेंटच्या खांबाच्या आडोशाला नणंदेने नेहमीसारखी गॅसच्या डब्यावरची छोटी चूल मांडली, भांड्यात घरून आणलेलं पाणी ओतलं, काडी ओढली. निळी ज्योत करंगळीएवढी उभी राहिली. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले आणि ज्योत गेली. नणंदेने डबा हलवून पाहिला. दुसरी काडी, तिसरी काडी. काही नाही. पाणी उकळलेलं नव्हतं, म्हणून दोघी गप्प. तेवढ्यात सूर्य उगवूनही झाला.

शेवटी नणंद म्हणाली, "हे काही आता उकळत नाही. मग काय, मावळेपर्यंत गप्प बसायचं का?"

"संपला वाटतं. मला कळलंच नाही."

नणंदेने सावकाश मान वळवली. "तुला कळलं नाही?"

"अंधार होता."

"अंधारात वजन कमी होतं का गं?"

नणंदेने त्या कोमट पाण्यातच कॉफी ढवळली. अर्धी पूड वरच तरंगत राहिली. एक पेला तिने वहिनीच्या हातात दिला.

"खरं काय ते सांग. माझ्याकडे बघू नको हवं तर, उन्हाकडे बघ. खिडकीवर माणसं तशीच बोलतात, पटकन होतं."

"दमले गं मी." भावजय उन्हाकडेच बघत राहिली. "तो होता तेव्हाही दमायचे. पण तेव्हा त्याच्यावर चिडायची तरी सोय होती."

"मग माझ्यावर चिडायचंस."

"आणि तू यायची बंद झालीस म्हणजे?"

नणंदेने एक घोट घेतला आणि तोंड असं केलं, जणू औषधच प्यायली.

"मला आवडतं इथे," ती म्हणाली, जराशा अपराधी आवाजात. "दिवसभर त्या भोकातून मी नुसते लोकांचे हात बघते. इथे लांबवरचं दिसतं. मी नाही हे सोडणार, वहिनी."

"सोड म्हटलं का मी?"

"तसं नाही म्हटलंस. मी येत जाईन एकटी."

झालं, भावजयीच्या मनात आलं. एवढ्यासाठीच तर दीड वर्ष तोंड मिटून बसले होते. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"पण कॉफी मी वर पिणार नाही," नणंद पुढे बोलतच होती. "ही असली तर मुळीच नाही. वाट तुझ्या दारावरूनच जाते. कॉफी तू करायची."

"तू कधी उतरणार, मला काय कळणार? निवून जाईल."

"निघताना माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण उन्हात धरीन. तुझ्या ओट्यापुढच्या खिडकीतून दिसतो हा माथा. फक्त काच पूस. मागे आले होते तेव्हा वाटलं, बाहेर धुकं आहे."

उतरताना पिशवी उचलायची पाळी भावजयीची होती. तिने हात पुढे केला.

"किती?" नणंदेने विचारलं.

"सव्वा किलो. डबा रिकामा धरून."

पुढच्या गुरुवारी भावजय झोपणार होती, पण साडेचारला सवयीने जाग आलीच. तिने गुडघ्याला तेल लावलं, पुन्हा आडवी झाली, पुन्हा उठली, काच पुसली. मग ओट्याला टेकून उभी राहिली. माथा काळा होता, मग राखाडी झाला, मग त्याच्या कडेला ऊन आलं. एवढ्या लांबून झाकण ते काय दिसणार, असं म्हणेपर्यंत वर काहीतरी लखलखलं. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा.

पाऊण तासाची उतरण. तिने चाळीस मिनिटं स्टुलावर बसून काढली आणि मग दोघींपुरतं पाणी ठेवलं. तळाशी बुडबुडे धरले होते, पाणी अजून उकळायचं होतं, पण नणंद खालच्या जिन्यातूनच बोलायला लागली होती.