मनगटापासून कोपरापर्यंत

"आई, जरा इकडे या बरं."

सूनबाईने न्हाणीघरातून हाक मारली ती अशा आवाजात, की कडकताईच्या हातातला चहाचा कप खाली ठेवायचा राहूनच गेला. कप घेऊनच ती आत गेली. भुंगा पाटावर बसून बादलीत मग बुडवत होती. भुंगा म्हणजे नात, अडीच वर्षांची. झोप यायला लागली की एकसारखी गुणगुणते म्हणून सगळ्या घराने तिला भुंगा करून टाकलं होतं. सुनेच्या हाताला साबणाचा फेस तसाच होता. तिने सासूचं बोट धरलं आणि पोरीच्या छातीवर उजव्या बाजूला टेकवलं.

बोटाखाली काहीतरी घट्ट लागलं. वाटाण्याएवढं. डाव्या बाजूलाही होतं, जरा लहान.

"कधीपासून आहे हे?"

"आज हाताला लागलं. मला आधी वाटलं, काहीतरी चावलं असेल. पण दोन्हीकडे बरोबर एकाच जागी कसं चावेल, आई?"

"दूध प्यायल्यानेही येतं म्हणतात असं काहीबाही," कडकताई म्हणाली. असं कोण म्हणतं ते तिला ठाऊक नव्हतं. तोंडाला आलं ते बोलली. अडीच वर्षांच्या पोरीला छाती यावी ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली आणि भुंगाने तिच्या पायावर मगभर पाणी ओतलं तेव्हा कुठे भानावर आली.

मुलांच्या डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली. मधले दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. कडकताईने काय करावं? संध्याकाळी कामावरून आल्यावर रोजच्यासारखी आंघोळ केली, रोजच्यासारखी पलंगाच्या कडेला बसली, ट्यूब उघडली, डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चोळलं आणि रोजच्यासारखं भुंगाला उचलून त्या हातावर घेतलं. उलट जरा जास्तच वेळ घेतलं. पोरीला काहीतरी झालंय म्हटल्यावर आजीने दुसरं काय करायचं असतं?

आता ही कडकताई कोण ते सांगायला हवं. मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत ती वाफेच्या प्रेसवर काम करते, सव्वीस वर्षं. तिच्या हाताखालून गेलेली चादर पुठ्ठ्यासारखी उभी राहते, म्हणून लाँड्रीतल्या बाया तिला कडकताई म्हणतात. स्वभाव म्हणाल तर तसा मऊ आहे. प्रेसचं काम असं असतं, की उजव्या हाताने वरचा तापलेला पत्रा खाली ओढायचा, सोडायचा आणि तो पुरता वर जायच्या आत डाव्या हाताने चादर पुढे सरकवायची. पुरता वर जाईपर्यंत थांबलं तर दिवसाच्या चादरी होत नाहीत. म्हणून प्रेसवर काम केलेल्या प्रत्येक बाईच्या डाव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूने भाजल्याच्या रेघा असतात. आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये भाजल्यावरच्या मलमाची ट्यूब. संध्याकाळी घरी जायचं, आंघोळ करायची, मलम चोळायचं. नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, मग प्रेस शिकवतात.

तीन वर्षांपूर्वी पाळीने काढता पाय घ्यायला सुरुवात केली. नुसती गेली असती तर कडकताईने तिला आनंदाने निरोप दिला असता. पण जाता जाता तिने सगळं घरच उलटंपालटं केलं. प्रेसची वाफ परवडली, ती निदान पत्र्याखालून येते. ही छातीतून उठायची आणि कानांतून बाहेर पडतेय असं वाटायचं. झोप म्हणजे तासातासाचे तुकडे. नवरा बिचारा उघड्या खिडकीखाली दोन पांघरुणं घेऊन कुडकुडायचा आणि म्हणायचा, "तुला आता बर्फाच्या कारखान्यात नोकरी बघू." सुरुवातीला ती हसायची. पुढे पुढे त्या वाक्याला तिला रडू यायला लागलं. आकडे विसरायची, माणसं विसरायची. एकदा ऑपरेशनच्या हिरव्या झग्यावर पत्रा टेकवून ती विसरली आणि झग्यावर तपकिरी चौकोन उमटला. सुपरवायझर चांगला माणूस, पण तोही म्हणाला, "ताई, असंच चाललं तर तुम्हाला घड्यांच्या टेबलावर बसवावं लागेल हो."

घड्यांच्या टेबलावर गुडघे गेलेल्या बाया बसतात. तिथून पुढे घरीच.

म्हणून ती इस्पितळाच्याच दुसऱ्या मजल्यावर बाईडॉक्टरांकडे गेली. बाईडॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. आठवडाभर तिला भाताच्या वासानेही मळमळलं आणि डोकं असं ठणकलं की डोळ्यांपुढे नागमोडी रेघा दिसायला लागल्या. "गोळी तुम्हाला चालत नाही," बाईडॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी दिली, कमरेखाली चिकटवायची. पट्टी छान होती. पण आठ तास वाफेत उभं राहिल्यावर कुठली पट्टी टिकायला? एकदा ती निसटली आणि पायजम्यातून थेट चादरीवर जाऊन बसली. चादरीबरोबर तिलाही इस्त्री झाली. सुपरवायझरने ती चादर सगळ्यांसमोर वर धरून विचारलं, "हे काय चिकटलंय?" कडकताई म्हणाली, "पेशंटचं असेल." सगळ्या बाया खाली बघून हसत होत्या. मग जास्त चिकट पट्टी आली. तिने कातडी लाल झाली, खाज सुटली, फोड आले.

शेवटी जेल आलं. ट्यूबमधलं, पाण्यासारखं थंड. जोडीला रात्री घ्यायची एक कॅप्सूल. बाईडॉक्टरांनी नीट सांगितलं होतं: सकाळी लावायचं, दंडाला किंवा मांडीला, वाळू द्यायचं, वरून कपडा घालायचा, हात धुवायचे. कडकताई "हो, हो" म्हणत होती. पण तिच्या हातात ट्यूब होती. सव्वीस वर्षं ट्यूब कधी आणि कुठे लावायची हे तिच्या हाताला पाठ होतं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

आणि काय सांगावं, पाचव्या आठवड्यात ती माणसात आली. सलग सहा तास झोपली. उठल्यावर तिला कळेना, आपण आजारी आहोत की काय. नवऱ्याचं एक पांघरूण सुटलं. झग्यांवर डाग पडायचे थांबले. जेवणाच्या सुट्टीत ती बायांना सांगत सुटली, "अगं, मी परत आले." चार महिने तिने असे सुखाचे काढले. त्या चारही महिन्यांत रोज संध्याकाळी भुंगाचा गाल तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टेकलेला असायचा. पोरगी गुणगुणायची, मग गुणगुण बारीक व्हायची, मग नुसता श्वास.

मुलांचे डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी भुंगाला टेबलावर झोपवलं, तिच्या हातात स्वतःचा टॉर्च खेळायला दिला आणि दोन बोटांनी छाती तपासली. वजन बघितलं, उंची बघितली. खुर्चीत बसून सुनेला विचारलं, "तुमच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटाला हिने कधी हात लावला होता का?"

"मी गोळ्या घेतच नाही."

"घरात हार्मोनचं काही लावतं का कुणी? क्रीम, जेल, असं काही?"

"नाही," सूनबाई म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं. सासूची ट्यूब ती रोज बघायची आणि भाजल्याचं मलमच समजायची.

भुंगा तेव्हा कडकताईच्या मांडीवर होती. कडकताईचा डावा हात पोरीच्या पोटाभोवती होता. तापलेल्या पत्र्यावरून काढावा तसा तिने तो काढून घेतला.

"मी लावते," ती म्हणाली.

"कुठे लावता?"

"मनगटापासून कोपरापर्यंत."

"किती वाजता?"

"संध्याकाळी. आंघोळ झाली की."

डॉक्टरांनी पुढचं विचारलं नाही. सूनबाईनेच सांगितलं, भिंतीकडे बघत. "ती रोज त्याच हातावर झोपते."

डॉक्टर बरंच काही बोलले. रक्त तपासू, हाडांचा फोटो काढू, पण बहुतेक घाबरण्यासारखं नाही. अंगाला औषध लागणं थांबलं की काही महिन्यांत आपोआप ओसरेल. लवकर लक्षात आलं हे चांगलं झालं. आजींनी औषध सोडायची गरज नाही, फक्त लावायची जागा आणि वेळ बदलायची, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यायचं. कडकताईला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. आपल्या कातडीतून पोरीच्या अंगात काहीतरी उतरत होतं, आणि आपण तिला आणखी जवळ ओढत होतो, एवढंच तिला ऐकू येत होतं.

घरी आल्यावर तिने ट्यूब उचलली, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. घरातल्या डब्यात ठेवायचीही तिला भीती वाटली. कॅप्सूल बंद. भाजल्याचं मलमही बंद. तिचा आता कुठल्याच ट्यूबवर विश्वास उरला नव्हता. मुलगा संध्याकाळी आला, त्याला सगळं कळलं. तो ओरडला नाही. बुटाची नाडी सोडता सोडता एवढंच म्हणाला, "आई, आतला कागद तरी वाचायचास ना गं." ओरडला असता तर बरं झालं असतं.

सूनबाईने कामावरून तासभर लवकर सुटायची परवानगी काढली आणि भुंगाला ती स्वतः झोपवायला लागली. भुंगा दारात येऊन म्हणायची, "आजी, हात." कडकताई हात पाठीमागे घेऊन म्हणायची, "आजीच्या हाताला बाऊ झालाय." पोरगी हात बघायला मागायची आणि कडकताई उठून दुसऱ्या खोलीत जायची.

रक्ताचा आणि हाडांचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आता फक्त वाट बघायची. घर जरा श्वास घ्यायला लागलं. कडकताईच्या मागे मात्र तिसऱ्या आठवड्यापासून सगळं परत लागलं, वाफा, घाम, तुटकी झोप. ती कुणाला म्हणाली नाही. आपल्याला हे भोगायलाच हवं असं तिने ठरवून टाकलं होतं. एका दुपारी तिने पत्रा खाली ओढला आणि दुसरा हात अजून आत आहे हेच ती विसरली. तळहातभर फोड आला. सुपरवायझरने तिच्या हाताला पट्टी बांधून घ्यायला लावली, मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, उद्यापासून टेबलावर बसा थोडे दिवस."

घड्यांच्या टेबलावर ती चौथ्या दिवशी उशांच्या खोळी मोजत असताना समोर सूनबाई येऊन उभी राहिली. लाँड्रीत ती यापूर्वी कधीच आली नव्हती.

"चला, वर जायचंय. बाईडॉक्टरांची वेळ घेतलीय मी."

"मला नको आता ते."

"आई, त्या दिवशी डॉक्टर काय बोलले ते तुम्ही ऐकलंच नाही. मी ऐकलंय. औषध सोडायला कुणी सांगितलं नव्हतं." शेजारच्या बाया मान खाली घालून भराभर घड्या घालायला लागल्या. "मला तुमचा राग आला होता. अजून आहे थोडा. पण घरात तुम्ही भिंतीला धरून फिरता ते मला बघवत नाही. उठा."

कडकताई उठली. तिला रडू आलं आणि तिने ते बांधलेल्या हाताने पुसलं.

दुसऱ्या मजल्यावर सूनबाईनेच सगळं विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. सकाळी. मांडीला. कामावर निघण्यापूर्वी, पायजम्याखाली. हात साबणाने. टॉवेल वेगळा. रात्रीची कॅप्सूल चुकवायची नाही. तो कागद तिने सासूच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कडकताई रोज सकाळी दार लावून घ्यायची, कागद पाठ असूनही वाचायची आणि मग ट्यूब उघडायची. दीड महिन्याने ती प्रेसवर परत गेली. पत्रा पुरता वर जाईपर्यंत ती आता थांबते. चादरी कमी होतात. सुपरवायझर बघतो आणि काही म्हणत नाही.

चौथ्या महिन्यात मुलांच्या डॉक्टरांनी भुंगाला पुन्हा टेबलावर झोपवलं, पुन्हा टॉर्च दिला. दोन बोटांनी तपासलं, पुन्हा तपासलं. "गेलं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी कडकताई आंघोळ करून पलंगाच्या कडेला बसली होती, हात मांडीवर ठेवून. सूनबाई भुंगाला कडेवर घेऊन आली. तिने पोरीला पलंगावर बसवलं आणि सासूला म्हणाली, "या जरा."

ती तिला मोरीपाशी घेऊन गेली. नळ सोडला. सासूचा डावा हात तिने आपल्या हातात घेतला आणि साबण लावला, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याच्या प्रत्येक रेघेवरून. कडकताईने त्या हाताला चार महिन्यांत ते जेल लावलं नव्हतं, आताच आंघोळ झाली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. कडकताईने हात पुढे धरून ठेवला. सूनबाईने तो दोनदा धुतला, कोरड्या पंच्याने टिपला, मग आत येऊन भुंगाला उचललं आणि त्या हातावर ठेवलं.

भुंगाने गाल टेकला. मग नाक लावून हात हुंगला आणि मान वर केली.

"आजीचा वास नाही," ती म्हणाली.

"धुतलाय हात," कडकताई म्हणाली.

पोरगी थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग परत खाली झाली. सूनबाई दारात उभी होती. कडकताई हात जराही न हलवता गुणगुण सुरू व्हायची वाट बघत बसली.