लोणच्याच्या बरणीतला तारामासा

मित्रांनो, शाळेच्या कपाटात धूळ खात बसलेली दिसते म्हणून मला बिचारी समजू नका. मी कल्याणच्या कमळाबाईंची काचेची बरणी! एके काळी माझ्यातल्या लिंबाच्या लोणच्याचं नुसतं नाव काढलं, तरी पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

कमळाबाईंची मुलगी मालन ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गोष्ट एकोणीसशे चोपन्नची. सुट्टीच्या दिवशी ओहोटी बघून ती समुद्राकाठच्या खडकांवर जाई आणि तिथले काटेरी अंगाचे प्राणी गोळा करी. ते ठेवायला भांडं मिळेना, तेव्हा तिने मला गुपचूप शाळेत नेलं, माझ्यात प्राणी कुजू नयेत म्हणून वापरतात ते औषधी पाणी भरलं आणि पाच हातांचा एक तारामासा ठेवला. मला तर फार ऐट वाटली.

पण नावाने घोटाळा केला. नावात मासा, म्हणून मुख्याध्यापिका विमलाबाईंनी मला माशांच्या कपाटात बसवलं. शाळेचं प्रदर्शन बघायला आलेल्या कमळाबाईंनी मला नेमकं तिथेच पाहिलं. त्यांच्या घरी मासळीला शिवतही नसत!

“मालन, बाटवलीस गं माझी बरणी! आत्ताच्या आत्ता ओत ते. आणि तुझं समुद्रावर भटकणं आजपासून बंद!”

मालनचा चेहरा उतरला. तिचा सगळा अभ्यास त्या खडकांवरच तर होता.

“आई, तो मासा नाहीच.”

“मग नावात मासा कशाला?”

“कुणीतरी नीट न बघता ठेवलं असेल. मोठमोठ्या विद्वानांनीही यांना एके काळी गांडुळांच्या रांगेत बसवलं होतं. तू तरी बघ ना.”

कमळाबाईंनी चष्मा पुसला. खवले नाहीत, कल्ले नाहीत, शेपूट नाही. मग त्यांनी मला उचलून खालून पाहिलं. प्रत्येक हाताखाली बारीक पायांच्या ओळी!

“अगं बाई, हे तर पायच पाय!”

त्या तडक विमलाबाईंकडे वळल्या. “बाई, हा मासा नव्हे. माझी बरणी तिथून हलवा.”

त्याच दिवशी मला वेगळा कप्पा मिळाला. पुढे तिथे तारामाशाच्याच कुळातले काटेरी गोळे आले, समुद्रकाकड्या आल्या. आणि मालन पुन्हा खडकांवर निघाली तेव्हा कमळाबाईंनी स्वतः मुरंब्याची बरणी धुऊन तिच्या पिशवीत ठेवली.

आज माझं झाकण सैल झालंय, आतलं पाणी आटत चाललंय. कुणाचं लक्ष नाही, याचं वाईट वाटतं. मित्रांनो, तुमच्या बाईंना सांगून ते तेवढं भरून घ्या. आणि नुसतं नाव वाचून पुढे जाऊ नका. मला उचला आणि खालून बघा, कमळाबाईंनी पाहिलं तसं.