पुलीवरचा शेंदूर

मी मोटर बोलतेय, सुदुंबऱ्याच्या पिठाच्या गिरणीतली. जरा जोरात बोलते, राग मानू नका. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. चार बोल्टांनी जखडलं आहे, नाहीतर कधीच पळून गेले असते.

मोटर म्हटली की थोडं गुणगुणणं आलंच. वीज फिरली की पोटातलं लोखंड ओढलं जातं, सुटतं, पुन्हा ओढलं जातं. पण गुणगुणणं वेगळं आणि थरथरणं वेगळं.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी गावात वीज आली आणि सीतारामने मला पुण्याहून आणलं. घोरावाडीला रेल्वेतून उतरवलं, पुढे बैलगाडी. रस्ताभर त्याने माझ्यावरचा हात काढला नाही. गिरणीत बसवल्यावर पट्टा फिरवणाऱ्या माझ्या चाकावर, म्हणजे पुलीवर, तेलात कालवलेल्या शेंदराचं एक बोट लावलं आणि बटण दाबलं.

पुढे सीताराम तापाने गेला. गिरणी त्याच्या बायकोने, सावित्राबाईने, धडाडीने चालवली. दर अमावस्येला ती शेंदूर लावी, तोही नवऱ्याने लावला होता त्याच जागी. थरावर थर चढले, वरून पीठ बसलं. ते खरवडायची कोणाची हिंमत?

आणि मी थरथरायला लागले. शेंदूर दिसतो रंगासारखा, पण असतो भारी जड. एका काखेत धोंडा घेऊन गरागरा फिरून बघा, म्हणजे कळेल माझं दुःख!

माझी थरथर जोत्यातून भिंतीत आणि भिंतीतून शेजारच्या येसूबाईच्या घरात जाई. म्हातारी कंबरेच्या दुखण्याने भिंतीलगत पडून असे. एक दिवस तिचा मुलगा रखमाजी दारात येऊन उभा राहिला.

"सावित्रावैनी, आईचं हाल बघवंनात. दिवाळीपतोर गिरणी हलवा, न्हाईतर मी पंचायतीत जातो."

"कुटं हलवू, भावजी? दुसरी जागा न्हाई मला. चूल हिच्यावरच पेटती माजी."

तळेगावचा मिस्त्री भिकाजी आला. त्याने बोल्ट आवळले, बेअरिंग बदललं, ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे माझ्या पायाखाली घातले. आवाज जरा दबला, थरथर तशीच. मला ओरडावंसं वाटे, अरे, पायाखाली काय बघतोस, पुलीकडे बघ!

शेवटी त्याने पट्टा काढला आणि पुली हाताने फिरवून सोडली. ती डुलत डुलत थांबली, शेंदराची बाजू खाली. पुन्हा फिरवली, पुन्हा शेंदूर खाली.

"मावशी, ह्यो शेंदूर काढावा लागंल. एका अंगाला जड झालीया."

सावित्राबाई पुलीपुढे आडवी उभी राहिली. "हात लावू नगंस. त्याच्याखाली मालकांचं बोट हाय."

गिरणी जाईल गं बाई! मी आतल्या आत तडफडले.

तेवढ्यात काठी टेकत येसूबाई आली. आली होती भांडायलाच, पण हे ऐकून दारातच थांबली. मग पुलीकडे बघून म्हणाली,

"सावित्रे, म्हसोबानं शेंदराचं कवच टाकलं, तवा आपुनच वाजतगाजत नदीत सोडाय गेलतो न्हवं? देव रुसला का? तुजा मालकबी न्हाई रुसायचा."

सावित्राबाई मटकन खाली बसली आणि रडली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा दळणं खोळंबली होती.

मग उलथनं घेऊन तिने स्वतःच कवच सोडवलं. ते पदरात घेऊन ती एकटीच नदीवर गेली. परत आली तेव्हा एक मूठ मिटलेलीच होती. बोटांच्या फटीतून शेंदराचा एक तुकडा दिसत होता.

आता मी नुसती गुणगुणते. येसूबाई भिंतीला पाठ लावून झोपते म्हणे. रखमाजी स्वतःच दळण घेऊन येतो. अमावस्येचा शेंदूर हल्ली माझ्या अंगाला लागतो, जिथे काही फिरत नाही तिथे. पण रोज सकाळी बटण दाबण्याआधी सावित्राबाई पुलीच्या त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवून उभी राहते. मी एवढी उतावळी, तरी तेवढा वेळ गप्प राहते. दळणाचे डबे घेऊन आलेल्यांनो, तुम्हीही जरा थांबा.