आतून ओ यावी म्हणून

माझा मामा कुलपं बनवायचा. नवं कुलूप झालं की दुकानामागच्या खोलीला ते लावून स्वतःला कोंडून घ्यायचा. मग त्याची लेक बाहेरून विचारायची, "बाबा, आहात का?" मामा आतून ओरडायचा, "आहे!" ती किल्ली फिरवायची. दार उघडलं की कुलूप पास.

पुढे ती परगावी नोकरीला निघाली आणि त्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं. वर्षाने ती आली, दाराशी उभं राहून म्हणाली, "बाबा, आहात का?" मामा आत फुगून बसलेला. आणखी दोनदा विचारू दे, मग ओ देऊ, असा त्याचा बेत. तिने एकदाच विचारलं आणि गेली. तेव्हापासून मामाच्या हातून एक कुलूप पुरं झालं नाही.

अशात एक म्हातारबा दुकानात आले. काखेत कुलूप. ते बाकावर ठेवताच बाकाचे चारही पाय जमिनीत वीतभर रुतले. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, बाक अजून बुटका आहे. मामाने किल्लीच्या भोकातून पाहिलं, तर आत चांदण्या.

"कुलूप ठणठणीत आहे, आजोबा. अडलंय कुठे?"

"मला उघडवत नाही."

मामाने ओळखलं. "मग एक विचारू? हा एवढा पसारा मांडलात कशाला? मुंग्या, माणसं, डास! कुणी म्हणतं करमणूक, कुणी म्हणतं तुम्हाला स्तुती लागते."

"स्तुतीने कान किटले रे. आणि डासांचं काढू नकोस. घर बांधलं, आत बसलो, तर सगळीकडे सामसूम. बाहेरून 'कोणी आहे का?' म्हणायलाच कुणी नाही. म्हणून केलं कुणीतरी."

"आता सारखे विचारतात की! ओ का देत नाही?"

म्हातारबांनी मान खाली घातली. "ओ दिली की विचारायचे थांबतील."

"आणि नाही दिली की निघून जातात," मामा म्हणाला. "माझी गेली."

त्याने पिशवी भरली, "दुकान सांभाळा" असं साक्षात त्यांनाच बजावलं, आणि लेकीच्या बंद दाराशी जाऊन उभा राहिला. "पोरी, आहेस का?"

आत भांडं वाजलं, मग चिडीचूप. बापाचीच लेक ती! मामाने पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं.

"आहे," आतून आलं. "किल्ली फिरवायला येतेय."

मामा परतला तेव्हा म्हातारबा नव्हते, कुलूप तिथेच. ते हलवणार कोण? मामाच्या पश्चात मीच दुकानात राहायला आलो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भोकाला तोंड लावून विचारतो, "कोणी आहे का?"

परवा आत कुणीतरी घसा खाकरला. ओ अजून आलेली नाही. मी विचारतोच आहे.