हनुवटीखालची बोटं

"दोनदा परत आला हो हा अर्ज," बाळाला खांद्यावर टाकून दुकानात आलेला बाप म्हणाला. मुलीच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज होता आणि साइट फोटो घेत नव्हती. मी वैतागूनच त्याचा मोबाइल हातात घेतला. दिवसभर माझं हेच चालतं. लोकांचे फोटो लहान करायचे, पन्नास केबीच्या आत कोंबायचे, आणि वर बोलणी खायची.

पण इथे चूक साइजची नव्हती. बाळाच्या हनुवटीखाली कुणाची तरी बोटं दिसत होती.

"फोटोत दुसरं माणूस चालत नाही. नवा काढू या," मी म्हणालो.

"माझ्या हातात ती नुसती रडते. इथे आईने धरलंय म्हणून गप्प आहे." त्याने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आई गेली तिची. मागच्या महिन्यात."

मी फोटो संगणकावर उघडला. बोटं पुसून तिथे झबल्याचा रंग भरला, फोटो चाळीस केबीवर आणला. साइटने तो मुकाट्याने घेतला.

"पुसलेलं कुठे जातं?" त्याने विचारलं.

एरवी असल्या प्रश्नावर मी डाफरलो असतो. आज मूळ फोटो पुन्हा उघडला, तेवढी बोटंच कापून घेतली आणि चांगल्या कागदावर छापली. एका बोटाचं नख तुटलेलं होतं, तेही स्वच्छ उमटलं.

कागद हातात घेऊन तो म्हणाला, "हे लहान करायला नको ना?"

"नको," मी म्हणालो. "याला साइजची अट नाही."